पदराआडची खोली

आई पहाटे साडेचारला उठायची ती पाण्यासाठी. कळवा पूर्वेला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आमची बैठी चाळ होती आणि नळाला पाणी यायचं ते जेमतेम पाऊण तास. पिंप, हंडा, दोन कळशा, शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवायचा. भांडं भरेपर्यंत थांबणं आलंच. त्या थांबण्यात ती मोरीच्या उंबऱ्यावर बसायची, पदर डोक्यावरून चांगला पुढे ओढून घ्यायची आणि तिचे ओठ हलू लागायचे. पाण्याचा आवाज बारीक झाला की कळशी भरत आल्याचं तिला समजे. हात पुढे व्हायचा, कळशी सरकायची, दुसरी लागायची. पदर मात्र जागचा हलत नसे. आम्ही चार भावंडं, बाबा आणि गावाहून आलेलं कुणी ना कुणी दहा बाय बाराच्या खोलीत दाटीवाटीने झोपलेलो असायचो. मधेच डोळा उघडला की मला तो पदर दिसे. आत काय चाललंय हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

रोजच्या प्रार्थनेवरच्या या छोट्या पुस्तकाची सुरुवात मला त्या मोरीपासून करावी लागते, कारण प्रार्थनेविषयी मला जे थोडंफार कळतं ते तिथे कळलं. पुढची टिपणं मात्र माझ्या एकटीची नाहीत. कळवा, खारेगाव, विटावा आणि खाडीपलीकडचं ठाणं इथल्या घरच्या प्रार्थनांमधून ती जमत गेली. दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी सतरंजी पडते, दाराबाहेर चपलांचा ढीग होतो, पेटी निघते, दोन गीतं होतात, शास्त्रपाठ होतो आणि मग पाळक विचारतात, "प्रार्थनेचे विषय?" विषय येतात. मुलाची दहावी, सासूचं डायलिसिस, बंद पडलेल्या कंपनीत अडकलेले पैसे, सुटत नसलेली दारू. त्यांवर प्रार्थना होते, चहा होतो. आणि निघताना, एक पाय चपलेत घालता घालता, कुणीतरी हळूच म्हणतं, "इथे सगळ्यांत जमते हो प्रार्थना. घरी एकटी बसले की काहीच सुचत नाही. काय करू?" हे पुस्तक त्या दारातल्या प्रश्नासाठी आहे.

असं विचारणाऱ्या बहुतेकींची पहिली अडचण जागेची. डोंगरावरच्या प्रवचनात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, येशूने प्रार्थनेसाठी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं आहे. चौकाचौकांत उभं राहून, लोकांना दिसेल अशी प्रार्थना करणाऱ्यांविषयी तो बोलत होता. लहानपणी हा शास्त्रपाठ ऐकताना मला प्रश्न पडायचा की ज्यांच्या घरात आतली खोलीच नाही त्यांनी जायचं कुठे? आमच्या घराला एकच दार होतं आणि ते बाहेरच्या गल्लीत उघडायचं. पुढे कधीतरी कळलं की तिथला मूळ ग्रीक शब्द 'तामेइऑन' आहे आणि त्याचा पहिला अर्थ कोठार असा आहे. धान्य, तेल, लागेल ते सामान साठवायची घरातली आतली जागा. प्रार्थनेसाठी त्याने ना देवघर सांगितलं, ना बैठकीची खोली. पाहुण्यांना कधी दाखवली जात नाही ती जागा सांगितली. हे वाचलं त्या दिवशी मला आमची मोरी आठवली आणि फार बरं वाटलं.

इंग्लंडात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सुझाना वेस्ली नावाची एक पाळकाची बायको होती. जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची आई. तिला १९ मुलं झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. घरात एकांत कुठून मिळणार? ती अंगावरचा एप्रन उचलून डोक्यावर घ्यायची आणि आई एप्रनखाली आहे म्हणजे तिला हाक मारायची नाही, एवढं मुलांना ठाऊक होतं, असं सांगतात. ही गोष्ट मी एका गुरुवारी सांगितली तेव्हा समोर बसलेल्या सगळ्याजणी हसल्या. डोक्यावरचा पदर त्यांना नवा नव्हता. तेवढ्यानेही खोली तयार होते, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि पदर आपल्या भाषेत नुसतं कापड नाही. पदर पसरणं म्हणजे मागणं. एखाद्याला पदरात घेणं म्हणजे त्याला आपलं म्हणून सांभाळणं. चूक पदरात घालणं म्हणजे ती माणसाला दाखवून देणं, कबूल करायला लावणं. विनंती, आसरा, पापाची कबुली: प्रार्थनेत जे घडतं ते मराठी बाईने पिढ्यान्‌पिढ्या त्या काठाला बांधून ठेवलं आहे.

पुरुष विचारतात, आम्हांला पदर नाही, आम्ही काय करायचं? त्यांना मी बाबांचं सांगते. १९७२ च्या दुष्काळात ते नगर जिल्ह्यातून इथे आले आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात लागले. पाळीला सायकलवरून जायचे. वाटेत खारेगावचं रेल्वेफाटक. ते बंद असलं की एक गाडी जायची, दुसरी यायची, लोक घड्याळं बघायचे, हॉर्न वाजवायचे. बाबांनी ठरवून टाकलं होतं, फाटक बंद म्हणजे प्रभूची प्रार्थना. एकदा म्हणून झाली आणि फाटक उघडलं नाही तर दुसऱ्यांदा, पण सावकाश, एकेका ओळीवर थांबून. ते म्हणायचे, "पहिल्यांदा तोंड म्हणतं, दुसऱ्यांदा मी म्हणतो." आता तिथे पूल झाला आहे. मी स्वतः पंचवीस वर्षं लोकलने नोकरीला गेले. जलद गाडी कळव्याला थांबत नाही आणि धीमी येते ती कल्याण-डोंबिवली-दिव्याकडून भरूनच. बायकांच्या डब्यात एका बाजूला भजनी मंडळाच्या टाळ्या, एका बाजूला भाजी निवडणं, मधे मी एका पायावर. ठाण्यापर्यंत एकच माणूस मनात धरायचा आणि त्याच्यासाठीच मागायचं, एवढा माझा नेम होता. तो मी कितीदा मोडला याची गणती नाही, पण मोडलेला नेमही दुसऱ्या दिवशी त्याच स्टेशनात पुन्हा भेटतो.

दुसरी अडचण भाषेची, आणि तिच्यापाशी मला जरा थांबायचं आहे. आपल्या मंडळ्यांत प्रार्थनेची एक ठरावीक मराठी तयार झाली आहे. लांबलचक संबोधनं, जुनी क्रियापदं, आवाजात एक विशिष्ट चढ. ती भाषा येत नाही म्हणून कितीतरी माणसं गप्प बसतात. स्वतःचं बोलणं देवापुढे नेण्याच्या लायकीचं नाही असं त्यांना वाटतं. खरं तर मराठी ख्रिस्ती परंपरेतली सगळ्यात मोठी माणसं याच्या नेमकी उलट दिशेने गेली आहेत. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, ते ओवीत. गोव्यातल्या नवख्रिस्ती कुटुंबांच्या कानांत जी लय आधीपासून होती तीच त्यांनी येशूचं चरित्र सांगायला घेतली. तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी तेच केलं. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मराठी मंडळ्यांत पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीतं गात असत. टिळक तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आले होते आणि ते कधी लपवत नसत. त्यांनी अभंग आणि कीर्तन मंदिरात आणलं. ख्रिस्ताला ते आई म्हणाले, गुरू म्हणाले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि १९१९ साली ते गेले. आज गुरुवारी आमच्याकडे पेटीवर जे सूर लागतात ते त्यांचेच उपकार आहेत.

मला स्वतःला यातला एक बारीकसा धागा फार मोलाचा वाटतो. आमच्या घरात आईला 'अगं आई' आणि बाबांना 'अहो बाबा'. आईशी बोलताना 'तू', बाबांशी 'तुम्ही'. आजही अनेक मराठी घरांत असंच आहे. पण येशूने शिकवलेली प्रार्थना मराठीत आली तेव्हा तिच्यात स्वर्गातल्या बापाला 'तू' म्हटलं गेलं. ज्या बाबांपुढे आम्ही उभं राहून बोलायचो त्यांच्याहून कितीतरी मोठ्या बापाशी आम्ही आईशी बोलायचो तसं बोलत होतो. येशू स्वतः 'अब्बा' म्हणत असे, ही अरामी घरांत मुलं बापाला मारत ती हाक. मराठीतल्या त्या 'तू'ने तीच जवळीक आमच्या पदरात टाकली आहे. ती मिळालेली असताना देवाशी अर्जाच्या भाषेत बोलायचं कशाला? एका गुरुवारी एक ताई पहिल्यांदाच मोठ्याने प्रार्थना करायला लागल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "देवा, आज मी जावेवर फार चिडले आणि मला त्याचं वाईटही वाटत नाहीये. तूच बघ." नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्या महिन्यात मी ऐकलेली ती सगळ्यात खरी प्रार्थना होती.

आता थोडं खाडीपलीकडे जाते. तलावपाळीजवळचं संत योहान बाप्तिस्ता चर्च पोर्तुगीज काळातलं, त्यामुळे ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास तिथून सुरू होतो अशी आपली समजूत असते. तो त्याच्याही अडीचशे वर्षं मागे जातो. १३२१ साली पूर्वेकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन ठाण्याला उतरले: तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा देमेत्रियस. त्या वेळी ठाण्यात ख्रिस्ती लोकांची १५ घरं होती, नेस्तोरियन म्हणजे पूर्वेकडच्या मंडळीची, सिरियाक भाषेत उपासना करणारी. त्यांच्यापैकी एका घरी हे चौघे राहिले. काही दिवसांनी काझीपुढे त्यांची धर्मावरून चौकशी झाली, वाद पेटला आणि एप्रिलमध्ये चौघांनाही ठार मारण्यात आलं. त्यांच्या बरोबरचा डोमिनिकन साधू जॉर्डनस त्या वेळी दूर होता म्हणून वाचला. त्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. थोड्याच वर्षांनी ओदोरिक नावाचा प्रवासी ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी चीनपर्यंत घेऊन गेला. त्या पंधरा घरांची माहिती त्याच्याच वृत्तांतात आहे. ज्या अधिकाऱ्याने हे मृत्यू घडवले त्याला पुढे सुलतानाने देहदंड दिला, हेही तोच सांगतो.

ही हकिकत हुतात्म्यांची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण प्रकरण काझीकडे गेलं कसं, हा भाग आपण पटकन ओलांडून जातो. ओदोरिक लिहितो की ज्या घरात ते साधू उतरले होते तिथे नवराबायकोचं भांडण झालं आणि नवऱ्याने बायकोला मारलं. ती तक्रार घेऊन काझीकडे गेली. पुरावा काय, असं विचारल्यावर तिने घरातल्या पाहुण्यांकडे बोट दाखवलं. साक्षीसाठी म्हणून त्यांना बोलावणं गेलं. त्या बाईचं नाव कुठे नाही. तिचं पुढे काय झालं तेही नाही. मी मात्र ही हकिकत वाचल्यापासून तिला विसरू शकलेले नाही. ठाण्यातल्या पंधरा ख्रिस्ती घरांपैकी एक, जिथे रोज प्रार्थना होत असणार, चार साधू मुक्कामाला होते, आणि त्याच घरात बाईला मार बसला.

सातशे वर्षांनंतर याच खाडीच्या काठावर घरोघर प्रार्थनेला जाताना मी हे पाहिलं आहे. सगळ्यांत मोठ्या आवाजात, डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना करणारा माणूस आणि आत ओट्यापाशी चहा गाळणाऱ्या त्याच्या बायकोच्या दंडावरचा वळ. या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे आणि ते मी पुस्तकात मऊ केलेलं नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात नवऱ्यांना बायकोचा मान राखायला सांगितलं आहे आणि कारणही दिलं आहे: तुमच्या प्रार्थनांना अडथळा होऊ नये म्हणून. येशू तर म्हणतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा. म्हणजे देवाच्या जवळ जाण्याची वाट काही वेळा मंदिरातून उलटी बाहेर, माणसाच्या दाराकडे जाते. म्हणून या पुस्तकातली पहिली सात टिपणं घरातल्या माणसांविषयी आहेत. आत्मिक अनुभव, उपवास, मध्यस्थीची प्रार्थना हे सगळं त्यांच्यानंतर येतं. ज्यांना ते आधी हवं असेल त्यांना माझी विनंती आहे की क्रम बदलू नका.

आमच्या गुरुवारी येणारे सगळे एका मंडळीचे नाहीत. आम्ही नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या वाटेने आलेले, १९७० नंतर उत्तर भारतीय मंडळीत सामील झालेल्यांपैकी. शेजारी वसईकडची कॅथलिक कुटुंबं, वरच्या मजल्यावर मल्याळी सिरो-मलबार कुटुंब. त्यांचा कल्याण धर्मप्रांत १९८८ साली झाला. जपमाळ म्हणजे नुसतं पाठांतर, असं मला लहानपणी शिकवलं गेलं होतं. शेजारच्या आजींना पक्षाघात झाला, वाचा गेली, तेव्हा त्यांच्या हातातले मणी सरकताना पाहून मी ते मत सोडून दिलं. शब्द संपल्यावरही त्यांच्या बोटांना वाट पाठ होती. मराठीतून बायबल वाचायला बसणाऱ्यांना मी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आवर्जून सुचवते. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलेल्या या धर्मगुरूने आपल्या रोजच्या मराठीवर केवढा विश्वास टाकला आहे, हे त्यात पानोपानी दिसतं.

राहिला सगळ्यात अवघड भाग. मागितलं ते मिळालं नाही, मग?

पंडिता रमाबाईंचं नाव प्रार्थनेच्या संदर्भात निघालं की १९०५ साल आठवतं. केडगावच्या मुक्तिसदनात त्या वर्षी शेकडो मुली रोज प्रार्थनेला जमत होत्या आणि तिथल्या आत्मिक जागृतीची बातमी जगभर गेली. पण मला त्याआधीच्या आणि नंतरच्या रमाबाई जास्त जवळच्या वाटतात. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा. उरलेली एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली त्यांच्या आधी गेली. त्या वेळी रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, थोड्याफार शिकलेल्या बायकांनाही कळावं म्हणून. ते काम त्यांनी थांबवलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि १९२४ साली ते बायबल बाहेर पडलं, मुक्तिसदनातल्या बायकांनीच छापलेलं. मनोरमा गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत रमाबाई देवाशी काय बोलल्या असतील, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

आमच्या घरी माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी काविळीने गेला. सतरा दिवस इस्पितळात होता. सतरा दिवस मंडळी उपवास-प्रार्थना करत होती, आई जिन्यात पदर ओढून बसलेली असायची. तो गेला. त्यानंतर कितीतरी महिने ती पहाटे उठली, पाणी भरलं, मोरीच्या उंबऱ्यावर बसली, पण पदर खांद्यावरच राहिला. भेटायला येणाऱ्यांनी देवाची योजना समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं. त्या बोलण्याचा तिला काडीचाही उपयोग झाला नाही, आणि तशा वेळी कुणालाच होत नाही. दुःखात असलेल्या माणसाला देवाच्या वतीने उत्तरं देऊ नयेत. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. तरीही ते शास्त्रात ठेवलं गेलं, पिढ्यान्‌पिढ्या मंदिरात म्हटलं गेलं. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेली हाकही अशाच एका स्तोत्राची होती.

मग एका पहाटे पदर पुन्हा डोक्यावर गेला. काय झालं म्हणून मी पुढे खूप वर्षांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "भांडायला बसत होते. अबोला धरून कुठवर राहायचं?" तुकोबांच्या मुलखात वाढलेल्या बाईला देवाशी भांडणं परकं नव्हतं. भांडताना समोर कुणीतरी आहे हे धरूनच चालावं लागतं, आणि त्या दिवसांत तिच्याजवळ श्रद्धा म्हणून तेवढंच उरलं होतं. पुस्तकाच्या दुसऱ्या भागातली टिपणं अशाच पहाटांसाठी आहेत. ती लहान आहेत, काही तर तीनचार ओळींची. तेव्हा माणसाला जास्त वाचवत नाही.

हे पुस्तक रोज एक टिपण असं वाचता येईल. चुकलं तर मागचं भरून काढायला बसू नका, ज्या दिवशी उघडाल तिथून पुढे चला. टिपणानंतर काही क्षण गप्प बसा असं मी जागोजागी लिहिलं आहे. ते पाळणं सगळ्यात कठीण जातं. बाहेर गाडीचा भोंगा, शेजारचा मिक्सर, कुणाच्या तरी फोनचा रिंगटोन. त्या आवाजांशी झगडू नका. नळाच्या आवाजात आईला जमायचं.

शेवटची आठ पानं कोरी सोडली आहेत, प्रार्थनेचे विषय लिहायला. ही कल्पना आईच्या वहीवरून घेतली. बाबांच्या कारखान्याकडून मिळालेली एक जुनी डायरी होती. डाव्या बाजूला विषय, उजवीकडे तारीख, झालं की पुढे बरोबरची खूण. चाळीतल्या जवळजवळ प्रत्येक घराचं नाव तिच्यात आहे. काकडआरतीला जाणाऱ्या शेजारच्या आजींचा मोतीबिंदू आहे, मुंब्र्याहून अंडी विकायला येणाऱ्या चाचांचा खोकला आहे, "नळाला पाणी जास्त वेळ, सगळ्या चाळीसाठी" असंही आहे, आणि त्याच्यापुढे दोन वर्षांनंतरची तारीख घालून केलेली खूण. बऱ्याच ओळींपुढे काहीच नाही. शेवटच्या भरलेल्या पानावर, भाऊ गेल्यानंतर बावीस वर्षांनी, तिच्या थरथरत्या अक्षरात फक्त त्याचं नाव लिहिलेलं आहे. आमच्या मंडळीत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. तिने ते नाव कशासाठी लिहिलं हे विचारायचं राहून गेलं.

कोऱ्या पानांवर पेन्सिलीनेच लिहा. कागद पातळ आहे, शाई पलीकडे उमटते.

कळवा, लेंटचा पहिला आठवडा